रात्री जागणारी वस्ती

आत्याने फोनवर जे सांगितलं ते ऐकून सरांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं आणि बुडालं. ते काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"घर कसंही बघ," ती म्हणाली होती. "एकच खोली असली तरी चालेल. पण वस्ती रात्रभर जागणारी हवी. खाली बार असू दे, नाचगाणं असू दे. असेल तर उलट बरंच."

"आत्या, काय असू दे?"

"बार रे, बार. तुमच्या एवढ्या मोठ्या शहरात असतीलच की. बरं, ठेवते, वॉर्डातून हाक आली." आणि तिने ठेवलाही.

सर म्हणजे शाळेतले पीटीचे सर. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हटलं की त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. आत्या त्यांना चाळिशीतही ढब्बू म्हणायची. हे नाव शाळेत कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून जपत, तेव्हा आपणही त्यांना सरच म्हणू.

आत्या त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. ढब्बू सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा पाहुण्यासारखे यायचे. त्याला आत्यानेच वाढवलं आणि त्या भरात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. ती नर्स होती, तीही नवजात बाळांच्या वॉर्डातली, आणि कायम रात्रपाळीची. मुदतीआधी जन्मलेली वीतभर बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या वॉर्डात तिने उभी हयात काढली. आता तिच्या गावच्या हॉस्पिटलने तो वॉर्ड बंद केला होता आणि सरांच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने तिला बोलावून घेतलं होतं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. "शेवटपर्यंत मला बाळांतच राहू द्या," एवढी एकच अट तिने घातली, आणि ती त्यांनी मान्य केली. सरांच्या घरी राहायला मात्र तिने साफ नकार दिला. तुमचं घर लहान, त्यात माझी अवेळी ये-जा, नको, असं तिचं म्हणणं.

इथवर सगळं ठीक होतं. पण बार?

सरांची बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तेव्हा माणसांची तोंडं उघडी पडलेली पाहायची तिला सवय होती. नवऱ्याचा आ वासलेला चेहरा पाहून ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "जन्मभर बिचारीने औषधांचे वास घेतले. आता जरा मजा करावीशी वाटत असेल. वाटू दे की."

"अगं, ती आत्या आहे."

"मग? आत्यांना पाय नसतात का नाचायला?"

त्यांना खरोखर धक्का बसला होता. आत्या पिते की काय? की एकटेपणाने तिचं डोकं फिरलं? की या वयात कुणी भेटलंय, आणि तो असल्या वस्तीत राहतो?

"तर्क कसले करतोस, का हवंय ते विचार ना सरळ," बायको म्हणाली.

"असं कसं विचारणार?"

हेही खरंच. जिने आपली नखं कापली, गोवर आला तेव्हा रात्रपाळीची रजा टाकून उशाशी बसली, तिला 'तू पितेस का गं' हे कोणत्या तोंडाने विचारायचं? सरांनी विचारलं नाही. सगळं घोडं इथेच अडलं, पण हे कळायला पुढे बराच वेळ जायचा होता.

तरी तिचा शब्द मोडायचा नाही म्हणून सर एका एजंटबरोबर ती वस्ती पाहून आले. दिवेलागणीची वेळ होती. अख्ख्या रस्त्यावर एकेक पाटी पेटत होती, जांभळी, हिरवी, लालभडक. क्लबच्या दारात कपाटाएवढा माणूस खुर्चीवर बसून केळं खात होता. एजंटने त्याच क्लबच्या वरची खोली दाखवली. खोली चांगली होती, हवेशीर. पण खाली कुणीतरी ड्रम तपासून बघत होतं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर सरांच्या पायाखालची फरशी थरथरत होती. "रात्री जरा वाढतो आवाज," एजंट नम्रपणे म्हणाला, "म्हणून तर भाडं कमी."

सर घाईघाईने जिना उतरून खाली आले, आणि शेजारच्या बारमधून नेमके सातवीतल्या एका मुलाचे वडील बाहेर पडले. दोघंही जागच्या जागी थिजले.

"सर, तुम्ही इथे?"

"आत्यासाठी आलोय," सर म्हणाले. "तिला इथेच राहायचंय."

त्या गृहस्थाने सरांकडे असं पाहिलं की सरांना स्वतःचीच दया आली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मैदानावर सरांकडे पाहून उगाचच हसतोय असंही त्यांना वाटत राहिलं.

बस्स, ठरलं. असल्या ठिकाणी आत्या राहणार नाही. सरांनी तिच्यासाठी शाळेसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. सभ्य वस्ती, रात्री नऊला सगळीकडे दिवे मालवलेले, खाली झाडं, समोर मुलांनी गजबजलेलं मैदान. तिला मुलं आवडतात, बसेल खिडकीत, मन रमेल. आत्याला त्यांनी चक्क खोटं सांगितलं की तिकडे एकही घर रिकामं नाही.

आत्या दोन बॅगा घेऊन आली. खिडकी उघडून मैदान बघत बराच वेळ उभी राहिली.

"शाळा किती वाजता भरते रे?"

"सातला. दुपारची बाराला. दिवसभर जाग असते बघ," सर अभिमानाने म्हणाले. "कशी वाटली जागा?"

आत्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा चित्र काढून आणलेल्या मुलासारखा होता. ती म्हणाली, "छान आहे रे. खूप छान आहे."

पुढचे दिवस सरांना सोन्याचे गेले. सकाळी मैदानावर उतरायचं, शिट्टी फुंकायची, पोरांना पळवायचं आणि मध्येच वर पाहायचं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत आत्या असायचीच. ते हात करायचे, ती हात करायची. आठला पाहा, दहाला पाहा, अकराला पाहा, आत्या हजर. रात्रभर ड्युटी करून आलेली बाई, पण थकवा म्हणून नाही. सर शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगायचे, "आमच्या आत्याला झोप लागतच नाही. लहानपणापासून बघतोय."

ही त्यांच्या घरातली जुनी गोष्ट होती. दुसऱ्या पोरांचे बाप पैलवान असायचे, मामा पोलिसात असायचे. ढब्बूकडे न झोपणारी आत्या होती. तो झोपायला शेजारच्या काकूंकडे असायचा, सकाळी आत्या कामावरून यायची, त्याला आंघोळ घालून शाळेत सोडायची. सुट्टीत तो दिवसभर घर डोक्यावर घ्यायचा आणि ती खुर्चीत बसून काहीतरी शिवत असायची. कधी तिचे डोळे मिटलेले दिसले तर तो विचारायचा, आत्या, झोपलीस? ती म्हणायची, छे, डोळे मिटलेत फक्त, मला कुठे झोप लागते. सहाव्या वर्षी मनावर कोरलेलं चाळिसाव्या वर्षी कोण तपासून बघतो?

बायकोच्या मात्र लक्षात येत होतं. "आत्या वाळल्यायत," ती एकदा म्हणाली. "काल चहात मीठ घातलं त्यांनी, आणि तसाच पिऊन टाकला."

"नवीन गाव आहे. रुळेल हळूहळू," सर म्हणाले.

मग ती सकाळ आली. सर पाचवीच्या मुलांकडून कवायत करून घेत होते. एवढ्यात मैदानाच्या फाटकातून कुणीतरी हाक मारली, "ढब्बू."

साठ पोरांनी एकदम माना वळवल्या. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फाटकात आत्या उभी होती, अजून नर्सच्या गणवेशात, हॉस्पिटलमधून थेट आलेली. रागवायला म्हणून ते तरातरा गेले, पण जवळ पोहोचेपर्यंत राग कुठल्या कुठे गेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आज माझ्या हातून एक बाळ गेलं असतं," ती म्हणाली.

त्यांनी तिचा हात धरून तिला पायरीवर बसवलं. पोरांची कवायत आपोआप थांबली होती, आणि पहिल्यांदाच सरांना त्याचं काही वाटलं नाही.

आत्या सांगू लागली. सांगताना ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, स्वतःच्या तळहाताकडे पाहत होती. पहाटेची गोष्ट. एवढंसं बाळ, मुठीत मावेल असं. त्याला औषध द्यायचं होतं, अगदी थेंबभर, सिरिंजच्या पहिल्या रेघेपर्यंत. तिने भरलं ते दहापट. डोळे उघडे होते, हात चालत होता, पण डोकं जागेवर नव्हतं. सुई नळीला लावणार एवढ्यात शेजारच्या सिस्टरने तिचं मनगट पकडलं.

"मीच जाऊन मेट्रनना सांगितलं. लपवायची गोष्ट नाही ही. त्या म्हणाल्या, आठवडाभर घरी बसा, अंगातला शीण घालवा. पुन्हा असं झालं तर बाळांचा वॉर्ड सोडावा लागेल. त्या नसत्या बोलल्या तरी मीच सोडला असता. झोपेने मेलेल्या बाईच्या हातात बाळ द्यायचं नसतं."

"झोपेने?" सर म्हणाले. "पण तुला तर झोप लागतच नाही."

आता आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. आपल्यासमोर चाळिशीचा बाप्या उभा आहे की सहा वर्षांचं पोर, हे जणू तिला ठरवता येईना.

"कोण म्हणालं?"

"तूच म्हणायचीस."

"अरे वेड्या, तुझी आई जाऊन महिना झाला होता तेव्हा. मी रात्रपाळी करून आले आणि म्हटलं, ढब्बू, मला झोपू दे हं जरा. दुपारी उठून बघते तर तू दाराच्या पायरीवर बसलेला. हलला नव्हतास, बोलला नव्हतास, पाणीसुद्धा प्यायला नव्हतास. म्हणालास, मी अजिबात आवाज केला नाही, तू मरू नकोस. त्यानंतर तुला कधी सांगितलं नाही मला झोप येते म्हणून. तू शाळेत गेलास की झोपायचे, सुट्टी असली की नाही झोपायचे. तू दंगा करायचास तेवढं बरं वाटायचं."

सरांना ती पायरी आठवत नव्हती. कितीही ताण दिला तरी आठवेना.

"मग ती बारवाली वस्ती?"

"तिथली माणसं पहाटे झोपतात. दुपारपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसतं, म्हणून रात्रपाळीच्या नर्सा तिथेच घरं बघतात. रात्री मी घरी असतेच कुठे? खाली हत्ती नाचले तरी मला काय त्याचं? सुट्टीच्या रात्रीही मी जागीच असते, सवयीने. खाली जाग असली की एकटं वाटत नाही. मला वाटलं तुला माहीत असेल. नर्सच्या घरात वाढलास ना."

"आणि इथे? इथे अजिबात झोप नाही लागली?"

आत्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. दारं धाडधाड उघडली आणि सगळी शाळा एका लोंढ्याने मैदानात ओतली गेली. त्या आरडाओरड्यात काहीच ऐकू येईना. जरा ओसरल्यावर आत्या म्हणाली, "तू शिट्टी फार छान वाजवतोस."

ती टोमणा मारत नव्हती, हेच सरांना सोसवेना.

"मग खिडकीतून हात का करायचीस?"

"तू करायचास म्हणून."

सर तिच्या शेजारी पायरीवर बसले. रोज सकाळी आपण त्या बाईच्या खिडकीखाली उभं राहून गाल फुगवून शिट्टी फुंकली, आणि वर हात केला. तीही बिचारी धडपडत उठली असेल, खिडकीशी आली असेल. दिवसातून चार चार वेळा. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली आणि नंतर कितीतरी वेळ त्यांचा हात त्या खिशावरच राहिला.

घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "एवढं 'का' विचारलं असतंस तर," ती म्हणाली, आणि पुढे बोलली नाही. सरांना त्याहून जास्त बोलणी कधी बसली नव्हती.

क्लबच्या वरची ती खोली अजून रिकामीच होती. आत्याचं सामान हलवायला ते रविवारी सकाळी गेले आणि रस्त्याच्या तोंडाशीच थबकले. त्यांना वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. पाट्या विझलेल्या, दारं बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या. एवढा रुंद रस्ता आणि त्यावर एक मांजर पाय पसरून अंग चाटत बसलेलं. सरांना स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. क्लबच्या दारातला तो कपाटाएवढा माणूस डोळे चोळत झाडू मारत होता. त्याने आत्याच्या बॅगा पाहिल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू हं ताई," तो कुजबुजला, "लोक झोपलेत."

आत्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू उमटलं.

आठवडा संपत आला. आत्याला सोमवारी रात्री कामावर हजर व्हायचं होतं, आणि तिथे तिचे हात कसे चालतात यावर सगळं ठरणार होतं. शनिवारी शाळा लवकर सुटली. खिडकीला जाड पडदा लावून द्यायचं सरांनी कबूल केलं होतं, म्हणून कधी येऊ ते विचारायला त्यांनी फोन केला. तिने उचलला नाही. परत केला. परत नाही. तिसऱ्यांदा घंटा वाजून वाजून बंद पडली. त्या बाळाचा घोर मनाला लावून घेतला असेल का तिने? न झोपणारी बाई फोन का उचलत नाही? हो, इतकं सगळं ऐकूनही त्यांच्या मनात ती अजून न झोपणारीच होती. जुनी गोष्ट अशी एका आठवड्यात जात नाही.

ते पळतच पोहोचले. दार वाजवलं. आतून हूं नाही की चूं नाही. आत्याने जास्तीची किल्ली त्यांना दिली होती. कुलपात घालताना ती दोनदा चुकली.

आत्या पलंगावर उताणी पडली होती. तोंड उघडं. एक हात पलंगाखाली लोंबत होता, बोटं अर्धवट वळलेली. केस विस्कटून चेहऱ्यावर आलेले. तिला असं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

गेली, असं त्यांना वाटलं. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. अख्खं मैदान हलवणारा तो आवाज, ऐनवेळी घशातच अडकला.

तेवढ्यात आत्या घोरली.

चांगली घसघशीत घोरली. मग ओठ मिटले, पुन्हा उघडले, आणि छाती संथपणे वर-खाली होऊ लागली. सरांचा जीव भांड्यात पडला. ते भिंतीला टेकून खाली घसरले आणि फरशीवर बसले. बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं की या बाईला झोपलेलं आपण आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. जिच्या मांडीवर वाढलो, तिची झोप एकदाही पाहिली नाही. कारण ती आपल्याला दाखवायचीच नाही, असं तिने तेव्हा दाराच्या पायरीवर बसलेल्या एका पोराकडे बघून ठरवून टाकलं होतं. आणि त्यांना रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी मनगट दातांत धरलं.

बूट काढून त्यांनी शेजारी ठेवले. पडद्याचं सामान आणलं होतं, पण खिळा ठोकायचा विचारसुद्धा केला नाही. गुडघे पोटाशी घेऊन ते तसेच बसून राहिले. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवरून हळूहळू सरकत त्यांच्या पायाशी आला, पायावरून पुढे गेला.

आत्या जागी झाली तेव्हा पहिल्यांदा तिला ते बूट दिसले, मग ते.

"कधी आलास?"

"आत्ताच."

आत्याने भिंतीवर पोहोचलेल्या उन्हाकडे पाहिलं, त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, दातांचे वळ उठलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"ढब्बू, खोटं बोलायला कुणाकडून शिकलास रे?"

"तुझ्याकडून."

ती हसली. ऊन अजून बरंच होतं. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, "बस जरासा," म्हणाली, आणि त्यांच्यादेखत कूस बदलून पुन्हा झोपली.